कुलपातला चेंडू

“मग आता मी करायचं काय, वस्ताद?”

आल्फ ऑर्मरॉड क्लबच्या खोलीच्या दारातच उभा होता. टोपी हातात.

म्हातारा एनॉक बाकावर बसून चामडी चेंडूला चरबी चोळत होता. एनॉक म्हणजे गावच्या फुटबॉल संघाचा वस्ताद. खेळाडूंना पळवणारा, त्यांचे गुडघे चोळणारा. त्यानं मान वर केली नाही.

उत्तर इंग्लंडातलं ते गिरणीगाव. एक महायुद्ध मागे पडलेलं, दुसऱ्याची कुणाला कल्पना नाही. साधीच मंगळवारची सकाळ. आल्फची बायको परसात चादरी पिळत होती, आल्फ दाढी करत होता. क्लबचा माणूस आला आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगून गेला, पुढच्या मोसमात तुमची गरज नाही.

आल्फनं तोंडावरचा साबण बाहीनं पुसला आणि तो तसाच निघाला. मैदानावर धुकं इतकं दाटलं होतं, की गोलचे खांब पाण्यात उभे असावेत असं वाटत होतं.

“इतकी वर्षं हे गाव माझ्या नावानं ओरडलं,” तो म्हणाला. “माझ्यासारखं डोकं लावलं कुणी चेंडूला?”

“बाहेरूनच वापरलंस ते.”

आल्फला हसू आलं नाही.

“तुम्ही आम्हाला सोमवार ते शुक्रवार नुसतं पळवलंत. चेंडू कुलपात. म्हणायचात, आठवडाभर उपाशी राहा, शनिवारी सामन्यात तुटून पडाल.”

“पडलास ना?”

“पडलो.”

“पोट भरलं?”

बाहेर गिरणीचा भोंगा वाजला, धुक्यात विरून गेला.

“नाही,” आल्फ म्हणाला. “शनिवारी तो पायाशी यायचा नि निघून जायचा. खरा भेटायचा तो आठवड्यात. झोपेत. अशाच धुक्यातून हळूहळू खाली यायचा... जमिनीला टेकायचाच नाही.”

“आणि तू?”

“मी खाली उभा. वर बघत.”

एनॉकनं चेंडूची वादी ओढून घट्ट बांधली. मग दोन्ही हातांनी चेंडू पुढे केला.

आल्फचे हात आपोआप उचलले गेले.

“एकदाच मारू द्या, वस्ताद. शेवटचं.”

म्हाताऱ्यानं चेंडू मागे घेतला. कपाटात ठेवला. कुलूप लावलं.

“आज मंगळवार,” तो म्हणाला. “घरी जा, पोरा. अर्धी दाढी राहिलीय तुझी.”