शिशाचा वाटा

पूर्वी पद्मखेट नगरात धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तिथल्या ओताऱ्यांच्या आळीत जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे. नगरातल्या समया, घागरी, घंटा सगळ्या त्यांच्याच हातच्या. ही कथा मात्र भद्रकापेक्षा त्याच्या शेजारच्या तिंदुकाची अधिक आहे. चांगल्या माणसाकडे त्याचा हेवा करणाऱ्याइतके बारकाईने कोण पाहतो? मित्राची नजर इकडेतिकडे जाते, हेवा करणाऱ्याची कधी ढळत नाही.

पद्मखेट गोमुखी नदीच्या काठी होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पात्रातले बेट उघडे पडे आणि परीट, कलिंगडाच्या वाड्या करणारे, गुरे चारणारे सगळे तिथे उतरत. पण ही नदी विश्वासाची नव्हती. दूर डोंगरात वळीव कोसळे, इकडे डोक्यावर लख्ख ऊन, आणि बघता बघता लोंढा येऊन बेट गिळून टाकी. म्हणून घाटावरच्या दगडी मंडपात एक थोरली घंटा टांगलेली होती. टेकडीवरच्या राखणदाराने निशाण हलवले की घंटा वाजायची आणि माणसे जीव घेऊन काठाकडे पळायची. ही घंटा तिंदुकाच्या वडिलांनी ओतली होती. म्हातारा गेला, पुढे घंटेलाही तडा गेला आणि ती बद्द वाजू लागली. मागच्या उन्हाळ्यात तिचा आवाज बेटापर्यंत पोहोचलाच नाही. त्या दिवशी उतरलेली कितीतरी माणसे परत आली नाहीत.

नवी घंटा कोणी ओतायची, हा तिंदुकाच्या लेखी प्रश्नच नव्हता. बापाची घंटा होती, आता लेकाची होईल. भद्रकही त्याच्या बापाच्याच भट्टीवर शिकला होता. आईबाप लहानपणी गेलेले, म्हाताऱ्याने त्याला घरचा केला होता. म्हातारा म्हणायचा, “भद्रकाच्या हाताला नाद आहे,” आणि मग लेकाकडे वळून म्हणायचा, “आणि तिंदुका, तुझा कान सोन्याचा आहे हो.” ते खरेच होते. आळीत कोणाच्याही भांड्याला बारीक चीर गेली तर तिंदुक ती आवाजावरून ओळखायचा. पण ज्याला हाताचे कौतुक हवे आहे, त्याला कानाचे कौतुक काय कामाचे? ती सल तेव्हाची.

ओताऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघाने, रीतीप्रमाणे परीक्षा ठेवली. दोघांनी एकेक लहान घंटा ओतावी, ती आधी न वाजवता थेट पडद्याआड वाजवावी, आणि ज्या नादाला जास्त हात वर होतील त्याने थोरली ओतावी. पहिली घंटा वाजली, चांगली होती. दुसरी वाजली आणि तिचा नाद आळीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. तिंदुकाच्या अंगावर काटा आला. ‘ही माझी!’ असे मनाशी म्हणत त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. त्याचा कान आळीला ठाऊक होता. त्याच्या पाठोपाठ सगळे हात वर गेले. पडदा सरला तेव्हा दिसले की दुसरी घंटा भद्रकाची होती.

भद्रकाने येऊन त्याचे पाय धरले. “दादा, तुझा हात आधी वर गेला, म्हणून मी निवडलो गेलो.”

तो हे मनापासून म्हणत होता. तिंदुकाला मात्र कोणी जखमेवर मीठ चोळावे तसे झाले. घरी आल्यावर बायको सामा हसून म्हणाली, “अहो, तुम्हीच तर हात वर केलात! आता तोंड का पाडून बसलात?” त्या दिवशी तो जेवला नाही. पुढे जेवला तरी घास गोड लागेना. भद्रकाच्या अंगणातून भात्याचा आवाज आला की तो दार लावून घेई. लोक भद्रकाला रामराम करायला थांबले की तो मनात मोजी, मला कोण थांबले? भद्रकाच्या घरावर कावळा ओरडला तरी त्याला वाटे, पाहुणे येणार, मानाचे येणार. हेव्याला खायला फार लागत नाही, पण तो उपाशीही राहत नाही.

आता या आळीची एक रीत होती. थोरली घंटा ओतायची असली की प्रत्येक घराने आपल्या भट्टीतला काशाचा, म्हणजे घंटेच्या धातूचा, एक गोळा आणून मुशीत टाकायचा. याला ‘वाटा’ म्हणत. घंटा एकाने ओतावी, पण बोलावे तिने सगळ्या आळीच्या आवाजात, असा त्यातला भाव. आणि ज्याचा वाटा घंटा ओतणाऱ्याने भर सभेत परत केला, त्याचे घर श्रेणीतून उठले. त्याला कोणी विस्तव देत नसे, त्याच्याशी सोयरीक करत नसे.

एका दुपारी आळी झोपलेली असताना तिंदुकाने भट्टी पेटवली. नारळाएवढा काशाचा पोकळ गोळा त्याने ओतला, तो पुरता निवल्यावर त्यात शिसे भरले आणि तोंड काशाने बुजवून घासूनपुसून लख्ख केले. काशात शिसे मिसळले की नाद मरतो, हे ओताऱ्याच्या पोरालाही कळते. भद्रकाची घंटा बद्द वाजेल, राजासमोर वाजेल, आणि मग बघू कोणाच्या हाताला नाद आहे. बेटावर उतरणाऱ्या माणसांचा विचार त्याच्या मनात आलाच नाही असे नाही. आला होता. त्याने तो शिशाबरोबरच आत बुजवून टाकला.

ओतण्याच्या दिवशी राजा आला, आळी लोटली. थोरली मूस लाल झाली होती. एकेक जण पुढे येई, भद्रक त्याचा वाटा दोन्ही हातांनी घेई, कपाळाला लावी आणि मुशीत सोडी. तिंदुकाची पाळी आली. भद्रकाने गोळा हातात घेतला आणि तो थांबला. गोळा दिसत होता त्यापेक्षा जड होता. त्याने कपाळाला लावता लावता नखाने हळूच एक टिचकी मारली. कासे असे गप्प राहत नाही. त्याने मान वर करून तिंदुकाकडे एकदाच पाहिले.

तिंदुकाला कळून चुकले: हा आता बोलणार. एक शब्द, आणि माझे घर उठले. सामा गर्दीत उभी आहे, तिच्यासमोर उठले.

बोधिसत्त्वापुढे त्या क्षणी दोन वाटा होत्या आणि दोन्ही वाईट. गोळा मुशीत सोडावा तर पुढच्या पुरात माणसे बुडणार. परत करावा तर हा माणूस आजच बुडणार. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, त्याची करणी त्याला भोवली, माझा काय दोष? आणि त्याला कोणी नाव ठेवले नसते.

तो राजाकडे वळून म्हणाला, “महाराज, एक मागणं आहे. जुनी घंटा यांच्या वडिलांनी ओतली, तेच माझे गुरू. नवीत सगळ्या आळीचा वाटा आहेच, पण हिचा भार मात्र गुरूंच्याच घरानं पेलावा असं मला वाटतं. घंटा टांगायचा लोखंडी आकडा दगडात बसवायचा आहे. दादांचा वाटा मी त्या आकड्याच्या बुडाशी घालतो.”

“उत्तम!” राजा म्हणाला. लोकांनी तिंदुकाच्या नावाचा जयघोष केला. चार जणांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. प्रत्येक थाप त्याला चाबकासारखी लागली.

भद्रकाने काय केले ते मंडपात कोणी पाहिले नाही. दगडात आकडा बसवायचा तर खाचेत शिसेच ओततात. दुसरे काही तिथे धरत नाही. त्याने गोळ्याला खाली चीर पाडली, मंद आचेवर आतले शिसे वितळवून काढले आणि ते सगळे आकड्याभोवती ओतले. कासे मागे उरले, पोकळ आणि चांगले. त्यात एक खडा घालून त्याने त्याचे भले मोठे घुंगरू केले आणि तिंदुकाच्या घरी आणून दिले.

“वहिनी, वाट्यातलं उरलं होतं. म्हशीच्या गळ्यात बांधा.”

सामा हरखली. तिने ते हलवून पाहिले. “किती गोड वाजतंय, ऐकलंत का?”

तिंदुकाने ऐकले. म्हणजे याला सगळे ठाऊक आहे, आणि हा बोलत नाही. बोलला असता तर निदान भांडता आले असते. आजवर तिंदुक त्याच्या हाताचा हेवा करीत होता. आता त्याच्या भलेपणाचाही करू लागला, आणि हा हेवा पहिल्याहून वाईट. हाताला निदान सराव करून गाठता येते.

नवी घंटा रोज सकाळी वाजू लागली. लोक हातातले काम थांबवून ऐकत. तिंदुकाच्या सोन्याच्या कानाला तर तिचा एकेक पदर ऐकू येई, आणि तेच त्याला सोसवेना. ओताऱ्याच्या घरी साच्यासाठी मेण असतेच. त्याने मेणाचे बोळे केले आणि दोन्ही कान बुजवले. सामा काही बोलली की तो नुसती मान डोलवी. तिला वाटले, यांना ऐकायला कमी येऊ लागले. ती बिचारी त्याच्या उशाला लसणीचे तेल कोमट करून ठेवी.

अशात एके दिवशी तो म्हैस घेऊन बेटावर गेला. ऊन लख्ख होते. म्हैस चरत होती, तो कलिंगडाच्या वेलांपाशी पाठ टेकून पडला होता. टेकडीवर निशाण हलले. घाटावर घंटा वाजू लागली. परीट धुणी टाकून पळाले, वाडीवाल्यांनी पोरे खांद्यावर घेतली. तिंदुकाच्या कानात मेण होते.

म्हशीने मात्र मान वर केली, कान टवकारले आणि ती काठाकडे सुसाट निघाली. तिला हाक मारायला तो उठला तेव्हा त्याच्या घोट्याला पाणी लागले. बेट रिकामे होते. काठावर माणसे तोंडे उघडून हात हलवत होती आणि आवाज कशाचाच नव्हता. त्याने कानातले मेण ओरबाडून काढले.

घंटा आत शिरली. पाण्याच्या गर्जनेवरून चालत आल्यासारखी ती येत होती, एकेक टोल स्वच्छ. पाणी गुडघ्याला आले, मांडीला आले. मरणाच्या दारात उभ्या माणसाला हेवा करायला फुरसत नसते. त्याच्या कानाने आपले जुने, खरे काम केले: असा नाद बापालाही साधला नव्हता. आणि त्याचा हात आपसूक वर गेला, त्या दिवशी पडद्यासमोर गेला होता तसाच. फरक इतकाच की या वेळी घंटा कोणाची आहे ते त्याला ठाऊक होते.

काठावरच्यांना वाटले, तो मदतीला बोलावतो आहे. घंटेचा दोर ओढणाऱ्या भद्रकाने तो हात पाहिला. दोर दुसऱ्याच्या हाती देऊन त्याने कमरेला दोरखंड बांधला, त्याचे टोक परटांच्या हाती दिले आणि उडी घेतली. दोघांना ओढून काठावर आणले तेव्हा दोघांच्याही नाकातोंडात गाळ होता. सामा नवऱ्याला बडवत होती आणि रडत होती. “कान होते की नव्हते तुम्हाला?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

पूर ओसरल्यावर तिंदुकाने ते घुंगरू घेऊन श्रेणीची सभा गाठली आणि सगळे सांगून टाकले. शिसे, मेण, काहीही गाळले नाही. सभा खवळली. “घर उठवा याचं! आजच्या आज!” 

भद्रक म्हणाला, “उठवायचं तर उठवा. पण रीतीनं उठवा. ज्याचं घर उठतं त्याचा वाटा काढून टाकावा लागतो. याच्या शिशावर घंटेचा सगळा भार आहे. परवा इतकी वाजवली, तसूभर हलली नाही. आधी घंटा खाली उतरवा, मग शिसं उकरून काढा.”

घंटा उतरवायला कोणी उठले नाही.

बाहेर आल्यावर तिंदुकाने विचारले, “तुला केव्हा कळलं रे?”

“हातात घेतलं तेव्हाच.”

“आणि बोलला नाहीस?”

“दादा, तू शिसं कशासाठी आणलंस ते मला कळलं होतं,” भद्रक म्हणाला, “पण शिसं कुठे कामाला येतं, हेही मला ठाऊक होतं ना.”

तिंदुक तिथेच, भर रस्त्यात, लहान पोरासारखा रडला. पुढे आयुष्यभर त्या आळीत घंटा ओतली की पारखायला तो असे. त्याचा हात वर गेल्याशिवाय घंटा मंडपात चढत नसे.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे एक वृद्ध स्थविर, म्हणजे वडीलधारा भिक्षू, होता. एका तरुण भिक्षूचा पाठ ऐकायला सगळे नगर लोटे, आणि पाठ सुरू झाला की हा स्थविर काहीतरी काम काढून बाहेर निघून जाई. शास्त्याने त्याला जवळ बसवले आणि ही गाथा म्हटली:

नादात जे न मिसळे, ते आधाराला लावावे;
दोष जाणून जाणत्याने माणसाला न गमवावे.

“भिक्षूंनो, त्या वेळचा राजा आज या विहाराला जमीन देणारा गृहस्थ आहे. सामा ही रोज या स्थविराच्या पात्रात आधी भात वाढणारी उपासिका. कान बुजवणारा तिंदुक हा स्थविर. आणि भद्रक तो मीच होतो.” मग हसून ते म्हणाले, “म्हैस कोण होती, ते विचारू नका. ती ज्ञानी होती.”

संध्याकाळी तरुण भिक्षूचा पाठ झाला. स्थविर उठून गेला नव्हता. पाठ संपताच सभेतला पसंतीचा पहिला ‘साधू’ त्याच्या तोंडून आला, आणि त्यामागोमाग सगळ्यांचा.

दुसऱ्याचा दोष जाणूनही त्याला पडू न देणे, ही क्षांती. दुसऱ्याच्या गुणाला आपला हात आधी वर जाणे, ही मुदिता. बोधिसत्त्वाने पहिली पुरी केली, म्हणून तिंदुकाला दुसरी सापडली.