मसुराएवढा चेहरा

“मग सेनापती माझाच ठरला ना, डॉक्टरबाई?”

पराशर नलवडेने पुन्हा विचारलं. डॉक्टरबाईंनी डोळ्याला लावलेलं भिंगही काढलं नाही.

मिरजेतल्या त्या दवाखान्यात आता कुणाचे दात काढले जात नव्हते. निवृत्त झाल्यावर डॉ. कुमुद आठल्ये यांनी पेशंटच्या खुर्चीशेजारी एक लांबलचक टेबल मांडलं होतं. रविवारी दुपारी त्यावर युद्ध व्हायचं. कुठल्याशा दूरच्या ग्रहावरचं, अजून कित्येक शतकांनी होणारं. फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचं आणि बोटभर उंचीचे शिपाई पुढे सरकवायचे. पुट्टीच्या मऊ गोळ्यातून हे शिपाई घडवायला बाईच शिकवत. दातांचं मेण कोरायची त्यांची जुनी हत्यारं त्या कामाला फार चांगली पडत.

पुण्याला सामना होता. त्यासाठी नवा सेनापती हवा होता. बाईंची अट साधी होती. विकतचं काही नको, दुसऱ्याचं काही नको, सगळं आपल्या हातचं.

सेनापती म्हणून पराशरने केलेलं यंत्र टेबलावर उभं होतं.

सहा पायांचं. गुडघ्यांत बॉलपेनच्या स्प्रिंगा, मांड्या इंजेक्शनच्या सिरिंजच्या, पाठीवर आइस्क्रीमचे चमचे कापून केलेलं चिलखत. कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर मशिनी सांभाळणाऱ्या माणसाचा हात होता तो. एकही कड वाकडी नव्हती.

बाईंचं भिंग पायांवरून वर सरकलं आणि छातीपाशी थांबलं. तिथे पारदर्शक झडपेआड चालक बसला होता. चेहरा मसुराच्या दाण्याएवढा. डावी पापणी जराशी मिटलेली, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दाबून ठेवलेलं हसू.

“हा चेहरा...”

“हो.”

“तुझा?”

“माझाच.”

“तू कधी चेहरे करत नाहीस. तुझ्या सगळ्या शिपायांना शिरस्त्राणं असतात.”

“या वेळी केला.”

“बऱ्याचदा मोडला असेल.”

“नाही. पहिल्या खेपेलाच जमला.”

बाई झडपेवर आणखी वाकल्या.

पराशरला त्यांचं हे बघणं आवडलं नाही. त्याने यंत्राचा एक पाय उगीचच नीट केला.

मागच्याच रविवारी हा चेहरा रेहाना मोमीनच्या हातून निसटून खाली पडला होता. रेहानाही इथे शिपाई करायला यायची; हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची, बोलायची कमी. ती लगेच खाली बसून फरशी चाचपू लागली. पराशरही गुडघ्यांवर बसला. स्टुलाच्या चाकामागे त्यालाच सापडला तो. मुठीत घेतला. आता देऊ, असं वाटलं. पण द्यायच्या आधी एकदा नीट बघावं म्हणून मूठ किलकिली केली... आणि मग द्यायची वेळ निघून गेली. मूठ आवळून तो तसाच तिच्याबरोबर शोधत राहिला.

“जाऊ दे दादा,” शेवटी तीच म्हणाली होती. “तुमचे कपडे मळतायत.”

इतक्यात दार वाजलं. रेहानाच आली होती. तिच्या हातात स्टीलचा छोटा डबा होता. डब्यात कापूस आणि कापसात तिने केलेला शिपाई, खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला म्हातारा वाटाड्या. त्याच्या तोंडाभोवती पुट्टीचं फडकं गुंडाळलेलं होतं.

बाईंनी तो तळहातावर घेतला.

“याचा चेहरा?”

“हरवला.”

“पुन्हा नाही केलास?”

“केला. रोज केला.” रेहानाने डब्याचं झाकण हातातल्या हातात फिरवलं. “अब्बांसारखा नाही झाला. ते होते तेव्हा त्यांच्याकडे बघत बघत केला होता मी. आता...”



पराशरला हे माहीत नव्हतं. तो चेहरा कुणाचा आहे, असा प्रश्नच त्याला पडला नव्हता. चांगला आहे, एवढंच त्याने पाहिलं होतं. आता यंत्र उचलावं, पिशवीत टाकावं, काहीतरी निमित्त काढून निघावं असं त्याच्या मनात आलं. पण हात पुढे होईना.

रेहाना यंत्राकडे वळली. पायांच्या स्प्रिंगा दाबून पाहिल्या. चिलखताच्या कडेवरून बोट फिरवलं. मग खाली वाकली आणि झडपेतून आत पाहिलं.

बराच वेळ पाहिलं.

पराशरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता ती बोलेल. बोलली की सगळं संपेल, आणि संपलेलं बरं.

“छान बसलेत,” रेहाना म्हणाली.

बसलाय नाही. बसलेत.

ती सरळ उभी राहिली आणि डब्यातला कापूस सारखा करू लागली. बाईंनी डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

“पराशर, सेनापती तुझा.”

हेच ऐकायला तो आज लवकर आला होता. काल आरशासमोर उभं राहून, हे ऐकल्यावर चेहरा कसा ठेवायचा, तेही त्याने पाहून घेतलं होतं. आता मान वर होत नव्हती.

“मला नको,” तो म्हणाला.

“का?”

त्याने पिशवी जवळ ओढली.

“यंत्र चांगलं आहे.”

“चेहरा माझा नाही, बाई.”

कुणी दचकलं नाही. बाहेरच्या रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

“मला सापडला होता,” तो रेहानाकडे न बघता म्हणाला. “त्याच दिवशी. तू शोधत होतीस तेव्हा माझ्या मुठीतच होता.”

“मला दिसलं होतं, दादा.”

आता मात्र त्याला वर बघावं लागलं.

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, उठताना द्याल.”

तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तिने खरंच वाट पाहिली होती, आणि घरी गेल्यावरही पाहिली असणार.

त्याने यंत्र दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवलं.

“हे सगळंच घे.”

“यंत्र तुमचं आहे. मी ते घेऊन काय करू? मला अब्बा द्या.”

बाईंनी एक बारीक टोकाचं हत्यार तिच्या हातात दिलं. रेहानाने झडप उचकटली. मानेपाशी हत्याराचं टोक हळूच फिरवलं, बाळाच्या कानातला मळ काढावा तसं. चेहरा सुटून तिच्या तळहातावर आला. तिने तो कापसात ठेवला, झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी जाऊन बसली.

यंत्राच्या छातीत बिनडोक्याचं धड उरलं.

पराशरने पिशवी खांद्याला लावली.

“येतो मी,” तो म्हणाला. “आता रविवारी... नाही येणार.”

डॉक्टरबाई उठल्या. पुट्टीची चिमूट दोन बोटांत मळून मऊ केली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. स्टूल पायाने त्याच्याकडे ढकललं.

“बस.”

“कशाला?”

“चेहरा कर.”

“कुणाचा?”

“ते मला काय ठाऊक?”

तो उभाच राहिला. मग बसला. पुट्टीचा तो एवढासा गोळा उचलायला गेला तर बोटांतून सुटून टेबलावर घरंगळला.

“आज नको, बाई,” तो म्हणाला. “हात कापतोय.”

“आजच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उद्या कापायचा थांबेल.”