पांढऱ्या डोळ्यांचं बदक

“खोटारडी म्हणता मला? डोळे काय उसने आणलेत मी?” शिंगाडे काढणारी पाटला राजवाड्याच्या दारात भांडत होती. तिच्यावर कुणीच विश्वास ठेवत नव्हतं.

ही पूर्वीची गोष्ट. शाल्मली नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गावाबाहेरच्या तळ्यात बदकाच्या जन्माला आले होते. काळपट डोकं, तांबूस छाती, डोळे पांढरेशुभ्र. बुडी मारायची, तळाची मुळं खायची आणि भलतीकडेच लव्हाळ्यात वर यायचं, ही त्यांची रीत. उघड्यावर तरंगणारे जातभाई बाणांनी संपले. जोडीदारीणही गेली. संध्याकाळी ते एकदा साद घालीत. उत्तर येत नसे. तरी दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घालीत.

अमात्याला तळं फोडून तिथे भातखाचरं करायची होती. पण नगराचा नियम होता, पाखरू राहत असलेलं तळं फोडायचं नाही. अमात्य म्हणाला, “तिथे बेडकांशिवाय कोणी नाही.” पाटला म्हणाली, “आहे. मी पाहिलंय.”

खरं-खोटं बघायला राजा स्वतः काठावर आला. सगळे बघत राहिले. पाणी हललं नाही.

“बाई, तुझं पाखरू माहेरी गेलं वाटतं!” अमात्य हसला. “महाराज, उद्या बांध फोडू आणि हिला नगराबाहेर काढू.”

पाटला पाण्याकडे बघून ओरडली, “बाबा रे, असशील तर वर ये! नाहीतर तळंही जाईल नि मीही.”

बोधिसत्त्वांनी ऐकलं. उघड्यावर गेलं की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तळं गेलं तर कासवं, मासे कुठे जातील? आणि खरं बोललेल्या बाईनं का भोगावं? ते तळ्याच्या मधोमध आले. या वेळी बुडी मारली नाही. तिथेच तरंगत राहिले.

राजाने हात जोडले. तेवढ्यात अमात्याने धनुर्धाऱ्याला डोळ्याने खुणावलं. बाण सुटला.

“कुठंय पाखरू?” अमात्य म्हणाला. “आता तर नाही ना?”

पाटला पाण्यात शिरली. बदक ओंजळीत घेऊन राजापुढे आली. “हे घ्या. मेलं म्हणून नव्हतंच, म्हणता काय?”

राजा म्हणाला, “तळं फुटणार नाही. नगर सोडायचं ते अमात्याने.”

त्या संध्याकाळी पाटला काठावर बसून राहिली. साद आली नाही.

तीच माणसं आज तथागतांच्या संघात आहेत. तेव्हाची पाटला म्हणजे आजची भिक्षुणी केतकी. राजा म्हणजे स्थविर सोमदत्त. बदक म्हणजे स्वतः तथागत. जीव वाचवणारी बुडी दुसऱ्यासाठी सोडली, दान म्हणतात ते याला. धनुर्धाऱ्याला कुणी बोल लावू नये. खूण करणारा वेगळा होता, आणि आजही तो संघात मान खाली न घालता बसतो: भिक्षू सुनेत्र.