पुलाखाली उभं राहायची रीत

खोलवाडीचा लाकडी पूल बांधून तीन पिढ्या झाल्या, तरी त्यावरून एसटी आणि चिऱ्यांचे ट्रक बिनबोभाट जायचे. एके दिवशी जिल्ह्याहून बांधकामखात्याचे सरपोतदार साहेब आले. सोबत त्यांचा कंत्राटदार मेहुणाही होता. साहेबांनी पुलाच्या खांबाला बुटाची ठोकर मारली.

"लाकडाचा काय भरवसा? उद्याच हा पाडून टाका. आमचा मेहुणा दोन वर्षांत सिमेंटचा पूल बांधून देईल."

दोन वर्षं म्हणजे शाळेला, दवाखान्याला, बाजाराला अकरा मैलांचा वळसा. लोकांची तोंडं उतरली. पुलाची निगा राखणारा लवू मेस्त्री मात्र शांतपणे म्हणाला, "चालेल साहेब. फक्त आमची एक रीत आहे, तेवढी पाळा."

"कसली रीत?"

"दर पावसाळ्यानंतर मी कुजलेल्या फळ्या बदलतो. मग पहिला भरलेला ट्रक वरून जातो तेव्हा मी पुलाखाली उभा राहतो. माझा बाप राहायचा, आजाही राहायचा. तुमचा पूल झाला की पहिल्या ट्रकला तुम्ही खाली उभे राहा. तेवढं कागदावर लिहून द्या, कुऱ्हाड मीच आणतो."

साहेबांनी ऐटीत पेन उघडलं आणि सहज मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा नदीकडे बघत होता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तूर्तास जुनाच राहू दे," असं पुटपुटत ते जीपमध्ये बसले.

जीप त्याच पुलावरून परत गेली. खाली लवू उभा होता, विडी ओढत.