सूर्यचुलीवरचं पारणं

"…पण माय, आपली साधना पुढे सरकतेय की नाही, हे मोजायचं कशानं?"

अंबूमायनं अंगणातल्या पेटीकडे बोट केलं.

"खिचडी झाली का, ते बघ आधी."

शरच्चंद्र डबीर जरा दुखावले. वसतिगृहांच्या, हॉटेलांच्या गच्च्यांवर त्यांनी शेकड्यांनी सूर्यचुली बसवल्या होत्या. टेकडीवरच्या या मठात आठ दिवस राहायला आले, तेही एक सूर्यचूल बरोबर घेऊनच. काळी पेटी, वर काचेचं झाकण, त्याच्या मागं आरसा.

माय ऐंशीची. कालची एकादशी तिनं नुसत्या पाण्यावर काढलेली. आज पारणं. सकाळी ती चूल पेटवायला निघाली, तर डबीर आडवे आले.

"आज धूर नाही, माय! दहाला ठेवतो, साडेबाराला पान वाढतो."

"बरं बाबा."

रोज मठात जेवणारे दोन म्हातारे गुराखी वेळेवर येऊन बसले. डबीरांनी त्यांना सगळं नीट समजावलं.

"ऊन काचेतून आत शिरतं. आतली ऊब मात्र बाहेर पडत नाही. कोंडून राहते. सगळी करामत त्या कोंडण्याची! हे बघा…"

आणि झाकण उघडलं.

गरम वाफेचा भपकारा गुराख्यांच्या तोंडावर आला. डबीरांनी आत तापमापी धरली, आकडा वहीत टिपला, झाकण लावलं.

दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. आकडा उतरलेला. तो का उतरला हे बघायला पाच मिनिटांनी पुन्हा.

साडेबारा झाले. एक वाजला. तांदूळ अजून टणकच.

डबीरांनी आरसा हलवला. पेटी फिरवली. कपाळावर हात आडवा धरून निरभ्र आभाळात ढग शोधला.

"माय, तुमची डाळच जुनी आहे."

"असेल."

एका गुराख्याच्या पोटातून असा काही आवाज आला, की मठाचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

डबीरांचा हात पुन्हा झाकणाकडे गेला. मायनं त्या हातात घागर दिली.

"खालच्या झऱ्याचं पाणी आण. काठोकाठ."

चैत्रातला झरा, धार दोऱ्याएवढी. घागर भरायला दीड तास लागला. वही वरच राहिली होती. उघडून बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. डबीर आधी चिडले, मग कंटाळले. मग एकदम त्यांना मायचा सुकलेला चेहरा आठवला… आपल्या हट्टापायी म्हातारी उपाशी बसलीय!

चढण चढताना त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं. माय, चुकलो. पेटवा तुमची चूल.

वर येऊन बघतात, तर गुराखी ढेकर देत होते. पातेल्यात मऊसूत खिचडी, वर तूप. एक पान त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं.

मठातली चूल मात्र थंडगार. डबीर घागर टेकवून पेटीकडे धावले. आरसा तसाच. पेटीचं तोंड तिकडंच. डाळही तीच.

"माय… तुम्ही केलंत तरी काय?"

मायनं पदराला हात पुसले.

"मी?… मी जरा पडले होते, बाबा."