शेवंतीने काढलेला झुबकोबाचा चेहरा

या, सरका जरा. एका पांघरुणात सगळे मावा. पाय आत घ्या. हं, आता ऐका.

एकदा काय झालं, टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात शेवंती नावाची मुलगी राहायची. तुमच्याएवढीच, सात-आठ वर्षांची. घरात ती, तिची आई आणि नऊ शेळ्या. शेवंती रोज शेळ्या घेऊन टेकडीवर जायची आणि जाताना चुलीतला विझलेला कोळसा परकराच्या ओच्यात बांधून न्यायची. कशाला? अगं, चित्रं काढायला! सपाट दगड दिसला की बसलीच. पण नुकतीच शिकत होती, बरं का. सूर्य काढायला जावं, तर त्याचा बटाटा व्हायचा.

मग एक दिवस करवंदीच्या जाळीत खसफस झाली. बघते तर काय, ही एवढी मोठी गंजी! गवताची नव्हे, केसांची. वर दोन वाकडी शिंगं, आणि ती शिंगं जाळीत अडकलेली. शेवंती घाबरून पळत सुटली. पळता पळता मागे बघितलं, तर ते काही तिच्या मागे येत नव्हतं. बिचारं नुसतं शिंगं ओढत होतं, आणि ओढलं की काटे आणखी बोचत होते.

मग ती परत फिरली. एकेक फांदी बाजूला केली आणि शिंगं सोडवली. त्यानं मान वर केली, आणि शेवंतीच्या लक्षात आलं, याला चेहराच नाही! डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. केसांच्या मधोमध चुना दिलेल्या भिंतीसारखी कोरी जागा. कान तेवढे होते, केसांत लपलेले.

"अगं बाई," शेवंती म्हणाली, "म्हणून तू सगळीकडे धडकतोस होय?"

कारण गावात सगळे म्हणायचे, टेकडीवर राक्षस आहे. कुंपणं मोडतो, वांग्याच्या वाफ्यांत नाचतो. नाचतो कसला! त्याला दिसतच नव्हतं.

शेवंतीनं त्याचं नाव ठेवलं झुबकोबा. झुबकोबानं हळूच तिचा कोळशाचा हात धरला आणि आपल्या कोऱ्या चेहऱ्यावर नेऊन ठेवला.

"मी काढू? मला नाही रे येत. बिघडलं म्हणजे?"

पण तो तिथंच फतकल मारून बसला. हात काही सोडेना.

मग शेवंतीनं आधी दगडावर करून पाहिलं. गोल काढला, झाला बटाटा. वर शिंगं काढली, एक लांब, एक आखूड. तिला रडूच आलं. तरी नाक पुसून तिनं गोलाच्या रेघेवर बारीक बारीक केस ओढायला घेतले, फर्र फर्र, सगळ्या बाजूंनी. आणि काय गंमत! वाकडी रेघ केसांखाली पार झाकून गेली. झाला की केसाळ चेहरा! मग तिला धीर आला.

पहिल्या दिवशी तिनं झुबकोबाला डोळे काढले. एक झाला लहान, एक मोठा. डोळे लुकलुकले. झुबकोबानं आधी आपले पाय पाहिले, मग गवत पाहिलं, आणि मग आभाळाकडे जो बघत बसला, तो शेळ्या घरी निघाल्या तरी बघतच होता.

दुसऱ्या दिवशी काढलं नाक. रताळ्यासारखं. झुबकोबानं रानतुळस हुंगली, शेळी हुंगली, आणि असा शिंकला, असा शिंकला की नऊच्या नऊ शेळ्या उताराला पळाल्या. हळू हसा रे, धाकटा झोपलाय.

तिसऱ्या दिवशी राहिलं तोंड. शेवंतीनं नुकता कोळसा टेकवला होता, तोच खालून आरडाओरडा आला. कुणीतरी लांबून पाहिलं होतं आणि गावात सांगितलं होतं, राक्षसानं शेवंतीला धरलंय! सगळा गाव काठ्या घेऊन वर आला. पुढे आई, पदर खोचून, रडत. तिच्या मागे सखोबा लोहार, हातात घण, ओरडत होता, "मारा त्याला! सोडू नका!"

झुबकोबा थरथरायला लागला. पण शेवंतीनं कोळसा खाली ठेवला नाही. तिनं रेघ ओढली. या कानापासून त्या कानापर्यंत, एका बाजूला वर गेलेली. आणि ती झुबकोबाच्या पुढे हात पसरून उभी राहिली.

सखोबानं घण उगारला. तेवढ्यात ते तोंड उघडलं.

"सखोबा ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं. तुमच्या भट्टीच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून मी तीन हिवाळे काढले. फार ऊब होती हो. उपकार झाले."

सखोबाचा हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला.

घोळक्यात म्हातारी चंद्राक्का होती. ती पुटपुटली, "अगंबाई, हा तर बोलतोय."

"चंद्राक्का!" झुबकोबा म्हणाला. "तुम्ही दळताना गाता ना, ते मी कुंपणाबाहेर बसून ऐकायचो. एकट्याला करमायचं नाही मला. तुमचं कुंपण माझ्याच धक्क्यानं मोडलं. चुकलो. पण गाण्याबद्दल उपकार झाले."

चंद्राक्कानं काठी टाकून दिली आणि डोळ्यांना पदर लावला. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझं गाणं कुणी ऐकतच नाही."

असं करत करत तो सगळ्यांशी बोलला. कुणाच्या गोठ्यानं त्याला आडोसा दिला होता, कुणाच्या बैलांच्या घुंगरांनी वाट दाखवली होती. किती वर्षांचं पोटात साठलेलं, आणि सांगायला तोंड नव्हतं. एकेक काठी खाली पडत गेली.

आईनं शेवंतीला पोटाशी धरलं आणि तिच्या कमरेला बांधलेली भाकरी सोडली. अर्धी लेकीला, अर्धी झुबकोबाला. त्याच्या जन्मातला तो पहिला घास! चावता चावता त्यानं भाकरीचेही आभार मानले.

शेवटी तो शेवंतीसमोर बसला. "तुझे आभार कसे मानू? ज्या तोंडानं मानायचे, ते तूच दिलंयस."

शेवंती लाजली. म्हणाली, "एक डोळा मोठा झालाय. पुसून नीट काढू का?"

"नको, नको! त्या डोळ्यानं जास्त दिसतं."

मग झुबकोबा गावातच राहिला. मोडलेली कुंपणं त्यानं स्वतः बांधली, आणि चंद्राक्का दळायला बसली की जात्याचा खुंटा तिच्याबरोबर तोही धरायचा. सगळे सुखानं राहिले.

आता मिटा डोळे. आज तुमच्याशी कोण गोड वागलं, ते मनातल्या मनात आठवा. आठवता आठवता झोप लागेल. लागलीसुद्धा वाटतं.