छबूची डावखुरी गिटार

मिरजेत एक गल्ली आहे. गल्लीत दुकानंच दुकानं. दुकानांत सतारीच सतारी. आणि भिंतीच्या कडेकडेने पळतं कोण? छबू चिचुंद्री! तुरु तुरु तुरु.

छबूने गिटार घेतली. इलेक्ट्रिक गिटार! काडेपेटीएवढी. लालभडक. पण जुन्या बाजारातली.

विकणारी घूसमावशी म्हणाली, "वापरलेली आहे हं! आत्ताच नीट बघ. नंतर रडत आलीस, तर चालणार नाही."

छबूने बघितली. इथे ओरखडा. तिथे ओरखडा. पण किती लाल! छबूने साठवलेले सगळे शेंगदाणे दिले आणि गिटार घरी आणली. सोबत एक चिमुकला स्पीकरही.

पट्टा गळ्यात. डावा हात तारांवर. कारण छबू डावखुरी! डाव्या हाताने खाते. डाव्या हाताने मिशा पुसते.

टुंई! खर्र! ठुस्स!

अगं बाई! गाणं कुठे गेलं? गिटार तर उजव्या हाताची! डाव्या हातात धरली, तर जाड तार खाली. बारीक तार वर. सगळं उलटंपालटं.

तेवढ्यात आले बेडूकमामा. वरातीत वाजवणाऱ्या बँजो पार्टीचे मालक. छबूला त्यांच्यातच वाजवायचं होतं. पोट हे एवढं!

"डराव! हा काय आवाज? उजव्या हाताने वाजव की गं!"

"उजव्याने येत नाही, मामा."

"मग राहू दे. संध्याकाळी उंदराची वरात आहे. तू आपली घरीच बस."

शेंगदाणे गेले. गाणं गेलं. आता वरातपण गेली? छबूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं. कुठल्या हाताने? डाव्या!

गिटार पाठीवर. स्पीकर काखेत. छबू निघाली. तुरु तुरु तुरु.

गल्लीतल्या दुकानात होते मुनीरचाचा. सतारी करणारे. नाकावर चष्मा.

"चाचा, चाचा, तारा फिरवा ना!
तारा फिरतील, मग गाणं जुळेल.
गाणं जुळेल, मग मी वरातीत वाजवीन!"

"फिरवतो की, बेटा," चाचा म्हणाले. "पण बसू कुठं? पाटावर मनी झोपलीय. उठवलं, तर ओरबाडते. मनी उठेल, तर मी बसेन."

मनी म्हणजे मांजर! छबूने शेपूट पोटाखाली दडवलं. तरी छबू निघाली. तुरु तुरु तुरु.

"मनीताई, मनीताई, उठ ना!
मनी उठेल, मग चाचा बसतील.
चाचा बसतील, मग तारा फिरतील.
तारा फिरतील, मग गाणं जुळेल.
गाणं जुळेल, मग मी वरातीत वाजवीन!"

"शी! चिचुंद्री!" मनी म्हणाली. "घाबरू नको. तुझ्यासारखं वास मारणारं मी खात नाही. पण उठणार नाही. पाटावर ऊन कसं छान पडलंय! पडदा सरकेल, तर मी उठेन."

छबू निघाली. तुरु तुरु तुरु.

"पडदेदादा, पडदेदादा, सरक ना!
पडदा सरकेल, मग मनी उठेल.
मनी उठेल, मग चाचा बसतील.
चाचा बसतील, मग तारा फिरतील.
तारा फिरतील, मग गाणं जुळेल.
गाणं जुळेल, मग मी वरातीत वाजवीन!"

"सरकू कसा?" पडदा म्हणाला. "मला का पाय आहेत? वारा येईल, तर मी सरकेन."

वारा होता बाहेर. छबू मोरीच्या भोकातून बाहेर. तुरु तुरु तुरु.

"वारेभाऊ, वारेभाऊ, आत ये ना!
वारा येईल, मग पडदा सरकेल.
पडदा सरकेल, मग मनी उठेल.
मनी उठेल, मग चाचा बसतील.
चाचा बसतील, मग तारा फिरतील.
तारा फिरतील, मग गाणं जुळेल.
गाणं जुळेल, मग मी वरातीत वाजवीन!"

"आत? कुठून?" वारा म्हणाला. "खिडकी बंद! कधीचा ढकलतोय. फू! फू! कडी हलेल, तर मी येईन."

छबू मोरीच्या भोकातून आत. तुरु तुरु तुरु.

"कडीआजी, कडीआजी, हल ना!
कडी हलेल, मग वारा येईल.
वारा येईल, मग पडदा सरकेल.
पडदा सरकेल, मग मनी उठेल.
मनी उठेल, मग चाचा बसतील.
चाचा बसतील, मग तारा फिरतील.
तारा फिरतील, मग गाणं जुळेल.
गाणं जुळेल, मग मी वरातीत वाजवीन!"

"कुई! कुई!" कडी म्हणाली. "मी गंजले गं बाई! सांधे धरलेत. तेल सांडेल, तर मी हलेन."

कडीच्या वर फळी. फळीवर तेलाची बाटली. छबू भिंतीवरून वर. तुरु तुरु तुरु.

"तेलमावशी, तेलमावशी, सांड ना!
तेल सांडेल, मग कडी हलेल.
कडी हलेल, मग वारा येईल.
वारा येईल, मग पडदा सरकेल.
पडदा सरकेल, मग मनी उठेल.
मनी उठेल, मग चाचा बसतील.
चाचा बसतील, मग तारा फिरतील.
तारा फिरतील, मग गाणं जुळेल.
गाणं जुळेल, मग मी वरातीत वाजवीन!"

"सांडते की! मला काय!" तेल म्हणालं. "पण डोक्यावर हे बूच बसलंय ना! बूच उडेल, तर मी सांडेन."

छबू बाटलीवर चढली. तुरु तुरु तुरु.

"बुचोबा, बुचोबा, उड ना!
बूच उडेल, मग तेल सांडेल.
तेल सांडेल, मग कडी हलेल.
कडी हलेल, मग वारा येईल.
वारा येईल, मग पडदा सरकेल.
पडदा सरकेल, मग मनी उठेल.
मनी उठेल, मग चाचा बसतील.
चाचा बसतील, मग तारा फिरतील.
तारा फिरतील, मग गाणं जुळेल.
गाणं जुळेल, मग मी वरातीत वाजवीन!"

"घुर्र! घुर्र!" बूच घोरत होतं. "मी असा नाही उडत. कुणी दचकवलं, तरच उडतो."

छबू ओरडली, "चीं!"

"हॅ! हे काय दचकवणं झालं?"

"चीं! चीं!"

"जा गं! झोपू दे."

आता कोणाकडे जायचं? आता कोणीच उरलं नाही. छबू फळीवर बसली. बाहेर सावल्या लांब झाल्या. वरात निघायची वेळ झाली.

छबूने गिटारकडे बघितलं. गिटारने छबूकडे बघितलं.

गाणं नाही येत. पण आवाज? आवाज तर येतो!

छबूने वायर लावली. खट! बटण फिरवलं. आणखी फिरवलं. पूर्ण फिरवलं! डावा हात वर नेला, आणि...

ठ्याँऽऽऽऽग!

"आई गं!" बूच दचकलं. फट्ट! उडालं!

मनीने एक डोळा उघडला. परत मिटला.

पण बूच उडालं, बाटली कलंडली, तेल सांडलं. टप टप टप.
तेल सांडलं, कडी हलली. खट्याक!
कडी हलली, वारा आला. भुर्रर्र!
वारा आला, पडदा सरकला. सर्रर्र!
पडदा सरकला, ऊन गेलं, मनी उठली. "म्यांव! गारठा पडला की!"
मनी उठली, चाचा बसले. "चला, बेटा. आण इकडे."

चाचांनी हातात चिमटा घेतला. जाड तार वर. बारीक तार खाली. जाड तार नीट बसावी म्हणून वरची खाच मोठी केली. खस खस खस. पट्ट्याची खुंटी या टोकाची काढून त्या टोकाला लावली.

तारा फिरल्या, गाणं जुळलं!

टिंग टिंग टिडिंग! टिंग टिंग टिडिंग!

"जा, पळ!" चाचा म्हणाले. छबू पळाली. तुरु तुरु तुरु तुरु तुरु!

वरात कोपऱ्यावर आली होती. नवरदेव उंदीर नाकतोड्यावर बसला होता. बेडूकमामा ढोलकी बडवत होते.

"अगं, तू घरी बस म्हटलं ना!"

छबूने डावा हात उचलला.

टिंग टिंग टिडिंग! टिंग टिंग टिडिंग!

नवरदेव नाकतोड्यावरून खाली उतरला. नाचायला लागला! नवरी नाचली. नाकतोडा नाचला. घूसमावशी धप धप नाचली. "माझ्याच दुकानातली गिटार आहे हो!"

बेडूकमामांची ढोलकी थांबली. तोंड उघडं ते उघडंच.

"छबूबाई," मामा म्हणाले, "इथे मागे नका उभ्या राहू. पुढे या. सगळ्यांच्या पुढे!"

छबू गेली पुढे. वरात तिच्या मागे. ढोलकीही तिच्या मागे. डावा हात वर, डावा हात खाली, आणि सारी गल्ली नाचायला लागली.

वरात गेली वाजत गाजत, गोष्ट संपली नाचत नाचत. टिडिंग!